पाहुण्यांसाठी सोडलेला धबधबा

ओढ्याला पाणी होतं, आणि तीच अडचण होती.

एरवी धबधब्याच्या वाटेवर पाणी दिसलं की माझा जीव भांड्यात पडतो. त्या सकाळी मात्र मी काठावरच थबकले. त्याच आठवड्यात मी इथं येऊन गेले होते. ह्याच दगडांवर बसून डबा खाल्ला होता. दगड खडखडीत कोरडे होते. मधल्या दिवसांत पावसाचा थेंब नाही, ऑक्टोबरचं ऊन डोकं उकडून काढतंय, आणि आता त्याच दगडांवरून घोटाभर पाणी खुशाल वाहत होतं. माझ्यामागं उभी असलेली चाळीसएक माणसं आनंदानं ओरडत होती. चिल्लीपिल्ली बूट काढायला बसली होती.

"आपा, पाणी!" केतकी मॅडम माझ्या खांद्याला धरून हलवत म्हणाल्या. "तुम्ही तर म्हणाला होतात, धबधबा कोरडा असणार!"

"म्हणाले होते खरी," मी म्हणाले आणि हसले. गाईडनं ग्रुपसमोर आधी हसायचं असतं, घाबरायचं ते नंतर.

माझं नाव रुखसाना. सगळे आपा म्हणतात. राहते पडेगावला. आधी शाळेत विज्ञान शिकवायचे. तेव्हा मुलं खिडकीबाहेर बघतात म्हणून ओरडायचे, आता बाहेर आणूनही बघत नाहीत म्हणून ओरडते. नातवंडांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळ्यांना झेपतील अशा जंगलातल्या सोप्या वाटांवर लोकांना फिरवून आणायचं, हा माझा धंदा. 'सोपी वाट' म्हटलं की लोकांना वाटतं, गाईडचं कामही सोपं असेल. उलट आहे. अवघड डोंगरावर माणूस स्वतःच जपून पाय टाकतो. सोप्या वाटेवर कुणालाच भीती नसते, त्यामुळं सगळ्यांच्या वाटणीची भीती गाईडला एकटीला बाळगावी लागते.

ही वाट सिल्लोडच्या पुढं, अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या एका पठारावरची. गावाचं नाव सांगत नाही. का नाही, ते पुढं कळेल. गावातून निघायचं, ओढा ओलांडायचा, सागाच्या जंगलातून गुरांच्या पायवाटेनं हळूहळू उतरत कुंडापाशी जायचं. ओढा तिथं कड्यावरून खाली उडी मारतो. तो धबधबा. पावसाळ्यात त्याचा आवाज गावात ऐकू येतो. पाऊस सरला की तो बघता बघता आटतो.

ग्रुप वाळूजच्या एका कंपनीचा होता. कंपनीचा फॅमिली डे. केतकी मॅडम तिथल्या एचआर. हुशार बाई, पण पायाला भिंगरी आणि हाताला फोन. रेकीला त्या माझ्यासोबत आल्या होत्या. रेकी म्हणजे ग्रुप आणण्याआधी वाट स्वतः चालून बघणं. तेव्हाच मी त्यांना सांगितलं होतं, "पाणी नसणार. जंगल दाखवते, पक्षी दाखवते, जेवण असं देते की लोक धबधबा विसरतील." मॅडम चहाचा कप हातात धरून उसासा टाकत म्हणाल्या, "सगळं मस्त आहे हो. पण इन्व्हिटेशनवर मी धबधब्याचा फोटो टाकलाय. आमचे प्लँट हेड येणारेत. धबधबा असता तर काय बहार आली असती!"

बोलल्या त्या माझ्याशी. पण चहा देणाऱ्या बायकांना कान होते. त्यांत विमलताई होत्या. विमलताई गावच्या सरपंच, आणि पाहुण्यांचं जेवण रांधणाऱ्या बचत गटाच्या प्रमुखही. तोवर त्यांनी लहानसहान ग्रुपना जेवू घातलं होतं. कंपनीचा ग्रुप पहिलाच. हा नीट पार पडला तर हिवाळाभर कंपन्यांची माणसं येत राहतील आणि गटातल्या बायकांना घरबसल्या काम मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. मीच तो त्यांच्या डोक्यात भरवला होता.

आता मी ओढ्याच्या काठावर बसले आणि पाण्यात हात घातला.

कोमट होतं. पावसाचं पाणी असं नसतं. ते गार असतं, गढूळ असतं, वाटेतला पालापाचोळा सोबत घेऊन येतं. हे हिरवट होतं आणि त्याला साठवणीच्या पाण्याचा शेवाळलेला वास होता. बोटभर लांबीचे मासे दगडांच्या बेचक्यात अडकून तडफडत होते. रेकीच्या दिवशी जिथं मुंग्या फिरत होत्या तिथं मासे कुठून येणार? मासे वरच्या बंधाऱ्यातूनच आले असणार.

बंधारा ओढ्याच्या वळणापलीकडं, आम्ही उभे होतो तिथून हाकेच्या अंतरावर. कोल्हापुरी पद्धतीचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: ओढ्यावर एक भिंत असते आणि भिंतीला मोठमोठ्या खिडक्या असतात. पावसाळाभर खिडक्या उघड्या ठेवतात, म्हणजे पूर आला की गाळ वाहून जातो. पाऊस सरत आला की खिडक्यांमध्ये लोखंडी फळ्या बसवतात, दोन ओळींत, आणि मधल्या फटीत काळी माती ठासतात. ह्याला म्हणतात गेट टाकणं. मग जे पाणी अडतं ते गावाचं पुढच्या पावसाळ्यापर्यंतचं पाणी. त्यावर हरभरा येतो, गहू येतो, खालच्या विहिरीला पाझर राहतो. मराठवाड्यात अडवलेलं पाणी म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

रेकीच्या दिवशी गेट टाकलेले होते. बंधारा तुडुंब भरलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

मी माणसांना एकेक करून ओढा पार करवला आणि पलीकडं एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली थांबवलं. मुलांना सांगितलं, "भोकं पडलेलं पान शोधून आणा. ज्याच्या पानाला जास्त भोकं, तो आजचा राजा." हा खेळ मी अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवते. सागाच्या जंगलात किड्यांनी न खाल्लेलं पान सापडणंच मुश्कील, त्यामुळं सगळेच राजे होतात आणि तंटा बराच वेळ चालतो.

मग वॉकी-टॉकी तोंडाशी धरला. "भास्कर."

भास्कर माझा स्वीप. स्वीप म्हणजे ग्रुपच्या अगदी शेवटी चालणारा माणूस. त्याच्या मागं कुणी राहायचं नाही, हा नियम. चाळिशीचा गडी, ह्याच गावचा शेतकरी, हंगामात माझ्यासोबत काम करतो. एरवी बडबडून कान किटवतो. त्या दिवशी गावातून निघाल्यापासून गप्प होता. ते माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

"बोला आपा."

"ओढ्याला पाणी कुठून आलं?"

मी बटण पुन्हा दाबलं.

"भास्कर, बंधाऱ्याचं गेट कुणी काढलं का?"

"आपा, तुम्ही नाराज नका होऊ," भास्कर म्हणाला. "समदं नाय काढलं. एकाच खिडकीच्या वरच्या चार फळ्या. पहाटंच काढल्या. म्हनलं, पाव्हणे येऊन जाईपर्यंत चालू ठिवू, मंग लावू परत."

"कुणाचं डोकं हे?"

"गावाचं," भास्कर म्हणाला. "त्या मॅडम म्हनल्या होत्या ना, धबधबा पायजे. पाव्हण्यानं तोंड उघडून मागितलं, अन् गावात असून दिलं नाय, असं कसं व्हईल?"

मला हसू यावं की रडू यावं, कळेना. धबधबा उघडायचा! म्हणजे कुणी पाहुणा आल्यावर घरात पंखा लावावा तसा!

पण हसण्यासारखं नव्हतं. एक तर गावाचं वर्षाचं पाणी कड्यावरून खाली चाललं होतं. आणि दुसरं, आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट आहे: वर कुणी पाण्याला हात लावत असेल तर खाली माणूस ठेवायचा नाही. वरच्या फळ्या निघाल्या की मधली माती धुपायला लागते. बाकीच्या फळ्या सैल होतात. एखादी निसटली तर कुंडात खेळणाऱ्या पोरांच्या अंगावर अख्खा लोंढा येईल. फळ्या निघालेल्या असताना मी ग्रुपला कुंडात नेऊ शकत नव्हते. आणि फळ्या परत लावल्या की धबधबा बंद. म्हणजे धबधबा होता तोवर तो बघायला जायचं नव्हतं, आणि जायला मिळेल तेव्हा धबधबा नसणार होता.

मी केतकी मॅडमना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला.

"माझ्यामुळं?"

"तुम्ही नुसतं बोललात. करणाऱ्यांनी केलं."

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. मग हळूच म्हणाल्या, "आपा, चूक झाली ती झाली. पण पाणी तर सुटलंच आहे. अर्धा तास राहू द्या ना. लांबून दाखवू, फोटो काढू. मग लगेच बंद करू. जाधव सर पहिल्यांदा आलेत, आईला घेऊन."

खोटं कशाला सांगू, माझंही मन क्षणभर डळमळलं. लांबून, कड्याच्या अलीकडून बघायला धोका नव्हता. फोटो झकास आले असते. मलाही पुढची बुकिंगं हवी होतीच, मी काही संत नाही. पण डोळ्यांसमोर त्या बोटभर माशांची तडफड आली आणि मी म्हणाले, "नाही मॅडम. अर्ध्या तासात किती वाफे भिजतात, ते तुम्हाला माहीत नाही. मला थोडंफार आहे."

तेवढ्यात जाधव साहेब काय झालं बघायला आले. कंपनीचे प्लँट हेड. भरदार माणूस, आवाज कारखान्यात कमावलेला. सोबत त्यांची आई. सोनाबाई आजी. सिल्लोडकडच्याच एका खेड्यातल्या, आता मुलाकडं शहरात राहणाऱ्या. नातवानं त्यांना आपले स्पोर्ट्स शूज घालायला लावले होते आणि बसमधून उतरल्यापासून त्या त्या बुटांना शिव्या घालत होत्या.

मी पुन्हा सगळं सांगितलं. साहेब काही बोलायच्या आत आजीच म्हणाल्या, "बंधारा हाय व्हय इथं? मला धबधबा नगं बाई, पाय दुखत्यात. बंधारा दाव."

भास्करला ग्रुपपाशी ठेवून आम्ही चौघं वळणापलीकडं निघालो.

बंधाऱ्यावर जत्रा होती. विमलताई नवी कोरी साडी नेसून भिंतीवर उभ्या. गटातल्या दोघी-तिघी स्वयंपाक सोडून बघायला आलेल्या. चार बापे खिडकीपाशी दोर धरून बसलेले. आम्हाला बघताच विमलताईंच्या चेहऱ्यावर असा आनंद उमटला की मी नजर पाण्याकडं वळवली.

"कसं काय हाय पाणी, आपा?" त्यांनी लांबूनच विचारलं. "का अजून दोन काढू?"

"ताई, अजून नको!" मी जवळजवळ किंचाळले. "आहे तेही बंद करा."

बंधाऱ्याच्या आतल्या काठावर ओल्या मातीचा पट्टा उघडा पडला होता. पहाटेपासून पाणी तेवढं उतरलं होतं. मी त्याच्याकडं बोट दाखवलं. विमलताईंनी बघितलं नाही. त्यांनी बघितलं असणारच, मी यायच्या आधी.

"आपा, पाणी आमचं हाय," त्या म्हणाल्या. "चोरून नाय सोडलं. घरोघर जाऊन इचारलं. समदे व्हय म्हनले. पाव्हण्याला पाणी दिलं तर काय बिघडलं?"

"अहो, पण हरभरा?"

"हरभऱ्याचं बघू आमचं आम्ही." मग आवाज खाली आला. "धबधबा नसंल तर परत कोण येतंय हिकडं, आपा? तुमीच म्हनल्या व्हत्या ना, पहिला मोठा ग्रुप हाय म्हणून. ह्या बाया पहाटं तीनला उठल्यात. लोकं हिरमुसून गेले, तर मी ह्यांला काय तोंड दावू?"

मला त्यांचा राग येत नव्हता. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेलं गाव हातात होतं ते उधळत होतं.

केतकी मॅडम पुढं झाल्या. "ताई, खरंच नको. आम्हाला धबधबा नसला तरी चालेल."

"तुमी मोठ्या मनाच्या, म्हणून म्हनता मॅडम," विमलताई म्हणाल्या.

जाधव साहेबांनी आपला कारखान्यातला आवाज काढला. "ताई, मी सांगतो ना. बंद करा पाणी. आम्हाला काही वाटणार नाही."

"साहेब, तुमचा सोभाव चांगला हाय," विमलताई तितक्याच अदबीनं म्हणाल्या, आणि फळ्या होत्या तिथंच राहिल्या.

इथं मला एक गोष्ट सांगावी लागेल, कारण शहरात हे आता विसरलंय. ह्या भागात पाहुण्याच्या 'नको'ला किंमत नसते. पंगतीत तुम्ही 'नको नको' म्हणालात की वाढणारी बाई आणखी एक भाकरी टाकते. पुन्हा 'नको' म्हणालात की वर तूप. ते 'नको' म्हणजे लाज, असंच धरतात. मी स्वतः ह्या गावात तीनदा जेवणानं आडवी झालेली आहे. वाढणं थांबतं ते एकाच गोष्टीनं: पंगतीतलं सगळ्यांत थोर माणूस ताटावर हात आडवा धरतं. तो हात दिसला की विषय संपला. त्यानंतर वाढलं तर तो पाहुण्याचा अपमान, आणि त्याआधी थांबलं तर यजमानाचा. आम्ही तिघंही 'नको' म्हणत होतो आणि विमलताई मनातल्या मनात आणखी भाकरी टाकत होत्या.

मी आजींपाशी गेले आणि कानात म्हणाले, "आजी, ताटावर हात धरावा लागेल."

"कवाची बघतेय मी," आजी म्हणाल्या. "पर हे बूट आधी काढ माझे."

मी खाली बसून बूट काढले. आजी अनवाणी पायांनी भिंतीच्या कडेनं काठावर उतरल्या. साहेब "आई, जपून" म्हणत मागं धावले, त्यांना हातानंच गप्प केलं. काठावर उकिडव्या बसून त्यांनी पाण्यात हात बुडवला, ओला हात डोळ्यांना लावला. मग विमलताईंकडं मान वर केली.

"ये हिकडं, पोरी."

विमलताई गेल्या.

"पोट भरलं," आजी म्हणाल्या. "लई वाढलंस. असा पाहुणचार माझ्या सोयऱ्यांनी नाय केला कधी. आता पुरे." आणि त्यांनी पाण्यावर तळवा आडवा धरला.

विमलताईंनी एकदा प्रयत्न केला. "आजी, थोडं राहू द्या. तुमी तर अजून बघितलाच नाय धबधबा..."

"हात धरलाय मी," आजी म्हणाल्या.

विमलताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पदर डोळ्यांना लावून त्या म्हणाल्या, "मंग लोकं परत येतील का, आजी?"

"मला कामून इचारती? हिला इचार," आजींनी केतकी मॅडमकडं बोट केलं. "बोल ग बाई. येशील का?"

केतकी मॅडमची नोकरी तिथं उभी होती, जाधव साहेबांच्या रूपानं. त्यांच्या हातात नुसता कोरडा कडा, एक जेवण आणि इन्व्हिटेशनवरचा खोटा ठरलेला फोटो. त्यांनी साहेबांकडं बघितलं नाही. विमलताईंकडं बघून म्हणाल्या, "येऊ. जानेवारीत दुसऱ्या शिफ्टला आणते. धबधबा नाही, असं लिहूनच आणते."

मला ती बाई त्या क्षणी फार आवडली.

"लावा रे," विमलताई खिडकीपाशी बसलेल्या बाप्यांना म्हणाल्या.

लावा म्हणणं सोपं. पाणी वाहतं असताना फळी खाचेत बसवायची म्हणजे कुस्तीच. पहिली फळी पाण्यानं दोनदा परत ढकलली. जाधव साहेब थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिले. मग पँट गुडघ्याच्या वर दुमडून सरळ दोराला लागले. "मी म्हणतो तेव्हा! आत्ता नाही! हां, आत्ता!" त्यांचा आवाज इथं कामी आला. फळी धाडकन बसली. गावकऱ्यांनी त्यांना टाळ्या दिल्या, त्यांनी गावकऱ्यांना.

आता मातीची घाई. फळ्यांच्या दोन ओळींमध्ये काळी माती ठासल्याशिवाय गळती थांबत नाही. तेवढ्यात वॉकीवर भास्कर: "आपा, लेकरं ऐकंनात. समदे राजे झाले. आता काय करू?"

"घेऊन ये सगळ्यांना इकडं," मी म्हणाले. "काठावर, दोर धरणाऱ्यांच्या मागं."

मग जे झालं ते कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत बसलं नसतं. पोरांना काठावर आणून टाकलेल्या काळ्या मातीच्या ढिगाशी सोडलं आणि सांगितलं, गोळे करा. त्यांनी केले. त्यांच्या आयांनी आधी "कपडे, कपडे!" केलं, मग त्याच ढिगाशी बसल्या. अकाउंट्समधले एक गृहस्थ घमेलं डोक्यावर घेऊन निघाले आणि अर्ध्या वाटेत घसरून बसकण मारली. घमेलं मात्र सांडू दिलं नाही, म्हणून सगळ्यांनी त्यांचा जयजयकार केला. भास्करला वाचा फुटली ती फुटलीच. विमलताईंनी नव्या साडीचा ओचा खोचून शेवटचा थर स्वतः ठासला. खिडकीतली धार आधी पट्टा झाली, मग दोरी, मग नुसती टपटप.

त्यानंतरच मी ग्रुपला कुंडाकडं नेलं.

धबधबा जवळजवळ संपला होता. कड्यावरून एक पातळ धार उतरत होती आणि आम्ही बघत असतानाच तीही थेंबांवर आली. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. मी त्यांना थांबू दिलं नाही. कड्याच्या पायथ्याशी, जिथं पावसाळ्यात पाण्याचा मारा असतो, तिथं नेऊन उभं केलं. "इथं पावसाळ्यात कुणी उभं राहू शकत नाही. आज तुम्ही धबधब्याच्या पोटात आहात. वर बघा."

सगळ्यांनी माना वर केल्या. पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला काळा खडक, त्याच्या भेगांतून लोंबणारी नेच्याची हिरवी पानं, वर कपारीत मधमाश्यांची पोळी. ओल्या दगडांवर फुलपाखरं पाणी प्यायला उतरली होती. एका छोट्या मुलीनं वरून पडणारा थेंब जिभेवर झेलला आणि मग रांगच लागली. दोन आजोबा तोंड उघडून उभे राहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मी धबधब्याला कित्येकदा माणसं नेली आहेत. एवढा वेळ शांतपणे कुणी वर बघत राहिलेलं मला आठवत नाही. भिजायचं नसलं की माणसं बघतात.

सोनाबाई आजी तिथं नव्हत्याच. त्या बंधाऱ्याच्या भिंतीवर विमलताईंशी गप्पा मारत बसल्या होत्या.

जेवणाला येसर आमटी, ज्वारीच्या भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी. चिखलानं माखलेली माणसं किती जेवतात ते विमलताईंच्या गटानं त्या दिवशी पाहिलं. दुसऱ्यांदा पीठ मळायला बसावं लागलं. हिरमुसलेला चेहरा मला एकही दिसला नाही. बस सुटताना केतकी मॅडमनी खिडकीतून हात काढून विमलताईंना ओरडून सांगितलं, "जानेवारी!"

पुढं काय झालं ते थोडक्यात. फीडबॅकमध्ये एका कर्मचाऱ्याची तक्रार आली की वॉशिंग मशीनमध्ये गाळ बसला. बाकी बहुतेकांनी चिखलाचीच तारीफ केली होती. मॅडमना वरून कुणी काही विचारलं नाही, कारण वरचे साहेब स्वतःच कोपरापर्यंत मातीत होते. जानेवारीत दुसरी शिफ्ट आली, धबधबा नाही हे माहीत असून आली. मग शेजारच्या कंपनीची माणसं आली. विमलताईंच्या गटात दोघी नव्या घ्याव्या लागल्या.

हरभरा आला तेव्हा विमलताईंनी ओल्या हरभऱ्याच्या डहाळ्यांचा भारा बांधून जाधव साहेबांच्या कंपनीला धाडून दिला. गेटवरच्या सिक्युरिटीनं तो संशयानं सोडून बघितला म्हणे. साहेबांनी भारा घरी नेला. संध्याकाळी सोनाबाई आजींनी माझ्याकडून विमलताईंचा नंबर घेतला आणि फोन लावला. डहाळ्यांबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आधी विचारलं, "बंधाऱ्यात अजून पाणी हाय ना?"

"हाय, आजी," विमलताई म्हणाल्या. "विहीर बी भरलेली हाय."

माझ्या माहितीपत्रकावर आता ठळक अक्षरांत छापलेलं असतं: 'धबधबा पावसाच्या मर्जीवर. जेवण नक्की.' गावाचं नाव मात्र छापत नाही; वाचून कुणी परस्पर तिथं धबधबा मागायला जायला नको. आणि रेकीला कुणी सोबत आलं की गावाच्या शिवेवर गाडी थांबवून मी त्यांना एकच सूचना देते: इथं काय नाही ते मोठ्यानं बोलू नका, हे लोक ते आणून देतात.